७१ च्या युद्धात गेलेल्या काकांची पाटी सोसायटीत लागणार आहे, त्यावर खरं काय लिहायचं?

पुतणी_नौपाडा

नमस्कार मंडळी, लांबलचक होणार आहे, सांभाळून घ्या.

आमची बिल्डिंग ठाण्याला नौपाड्यात, तळमजला अधिक तीन, आता रीडेव्हलपमेंटला चाललीय आणि सगळ्यांची आवराआवर सुरू आहे. माळ्यावरून भाऊकाकांची ट्रंक खाली काढली. भाऊकाका म्हणजे माझ्या बाबांचे थोरले भाऊ, सैन्यात सेकंड लेफ्टनंट होते, १९७१ च्या युद्धात गेले, वय २३. मी त्यांना पाहिलेलं नाही, माझा जन्म नंतरचा, बाबासुद्धा तेव्हा अकरावीत होते. आजी होती तोवर ट्रंकेला कुणी हात लावायचा नाही हा नियम आणि ती गेल्यावर बाबांनी तो तसाच चालू ठेवला, दिवाळीत वरून फडकं फिरवायचं, बस.

तर नव्या बिल्डिंगच्या लॉबीत काकांच्या नावाची पाटी लावायचं कमिटीने ठरवलंय. चांगलीच गोष्ट आहे, बिल्डरही तयार आहे. सेक्रेटरी म्हणाले चार ओळी द्या. मी देईपर्यंत सोसायटीच्या ग्रुपवर कुणीतरी आपणहून मजकूर टाकला सुद्धा, "एकट्याने शत्रूचे पाच रणगाडे उद्ध्वस्त करणारे वीरचक्र विजेते" वगैरे वगैरे, आणि खाली ओळीने हात जोडलेले, झेंडे. बाबांनी ते वाचलं, चष्मा काढून ठेवला आणि म्हणाले, हे आम्हाला कुणी कधी सांगितलं नव्हतं. मग मलाच विचारायला लागले की तुला कुठून कळलं, त्यांना वाटलं मी शोधून काढलं.

आमच्याकडे आहे ते असं. ट्रंकेवर पांढऱ्या रंगात काकांचं नाव आणि त्याआधी "एसएस" आणि पुढे आकडे. एका डबीत दोन मेडल, एक चांदणीच्या आकाराचं आणि एक गोल, रिबिनी पार उडून गेल्यात. थोडी इनलँड पत्रं, पत्ता "द्वारा ९९ एपीओ" (म्हणजे आर्मी पोस्ट ऑफिस). त्यांच्या साहेबांचं एक इंग्रजी पत्र होतं पण त्याला कसर लागलीय, वरचा अर्धा भाग गेलाच आहे, खाली एवढंच वाचता येतं की शेवटपर्यंत आपल्या माणसांबरोबर होता आणि त्रास झाला नाही. तार आता सापडत नाही. रेजिमेंट माहीत आहे पण इथे जाहीर लिहीत नाही.

तारखेचाही गोंधळ आहे. बाबा सांगतात की तार आली तेव्हा युद्ध संपलं होतं, ढाका पडलं म्हणून लोकांनी पेढे वाटले होते, आमच्या घरीही वाटले होते. आजीने श्राद्ध कायम तार आली त्या तिथीला केलं. सोसायटी आपली १६ डिसेंबर धरते, विजय दिवस म्हणून. मग गेले कधी?

तर वीरचक्र होतं की नाही, कुठे आणि कसे गेले हे आता इतक्या वर्षांनी कळू शकतं का, आणि कुणाला विचारायचं? दगडावर एकदा कोरलं की कोरलं, म्हणून विचारतेय.

घंटाळी_कट्टा

ताई, तुमच्याकडे बरंच काही आहे, तुम्हाला वाटतंय त्यापेक्षा जास्त.

आधी मेडल. ७१ च्या युद्धासाठी तीन मेडल निघाली, पूर्व आघाडीवर होते त्यांना पूर्वी स्टार, पश्चिमेला होते त्यांना पश्चिमी स्टार आणि त्याशिवाय संग्राम मेडल. तुमचं चांदणीवालं बहुतेक पूर्वी स्टार आणि गोल ते संग्राम. वीरचक्र गोल असतं, चांदीचं, त्याच्यावर पाच टोकांचा तारा कोरलेला असतो आणि रिबन अर्धी गडद निळी अर्धी केशरी. तारा बघून कुणीतरी वीरचक्र म्हटलं असणार, असं खूप घरांत होतं. भिंग घेऊन मेडलच्या कडेला आणि मागे बघा, नंबर आणि नाव कोरलेलं असतं. खात्री करायची तर सरकारची शौर्य पुरस्कारांची वेबसाईट आहे, त्यावर नाव टाकून बघा, परमवीर, महावीर, वीरचक्र कुणाला मिळालं ते गॅझेटमधे छापून येतं, गुपित नसतं ते.

पूर्व आघाडी कशावरून म्हणतोय तर तुमच्या पत्त्यावरून. ५६ एपीओची टपाल दिल्लीहून जायची आणि ९९ एपीओची कलकत्त्याहून, म्हणजे ९९ लिहिलंय तर माणूस पूर्वेकडे. इनलँडवरचे शिक्के नीट बघा, फिल्ड पोस्ट ऑफिसचा नंबर असेल, त्यावरून जाणकार लोक ब्रिगेड-डिव्हिजनपर्यंत पोचतात. पत्रांच्या तारखा लावून ठेवा.

आणि पूर्वेला पाकिस्तानकडे रणगाडे होते तेच मुळात मोजके, जुने शॅफी जातीचे. एका पायदळाच्या सेकंड लेफ्टनंटने त्यातले पाच उडवले असते तर ते आज शाळेच्या पुस्तकात असतं.

"एसएस" म्हणजे शॉर्ट सर्व्हिस कमिशन, ठरावीक वर्षांपुरती अधिकाऱ्याची नोकरी. परमनंटवाल्यांचा नंबर आयसीने सुरू होतो, ६२ च्या चीन युद्धानंतर घाईघाईत घेतलेल्यांचा ईसीने, म्हणजे इमर्जन्सी कमिशन. म्हणजे काका बहुधा मद्रासच्या ऑफिसर्स ट्रेनिंग स्कूलमधून निघाले, डेहराडून नव्हे. आणि पाटीवर सेकंड लेफ्टनंटच लिहा, नुसतं लेफ्टनंट नको. ती रँक आता राहिली नाही, आता पोरं थेट लेफ्टनंट होतात, पण खांद्यावरचा तो एकच स्टार त्यांचा होता.

कुठे कसे गेले यासाठी, दिल्लीच्या राष्ट्रीय युद्ध स्मारकाच्या साईटवर नावाने शोधता येतं. २०१९ च्या फेब्रुवारीत ते उघडलं तेव्हा २५,९४२ नावं होती, स्वातंत्र्यानंतर गेलेले सगळे. ऑफिसरचं रेकॉर्ड दिल्लीला आर्मी हेडक्वार्टरमधे अ‍ॅडज्युटंट जनरल ब्रँचकडे असतं आणि जवानांचं रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसात, हा फरक लक्षात ठेवा नाहीतर पत्र फिरत बसतं. पत्र लिहायला मदत लागली तर ठाण्यात जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आहे, तिथे जा.

नेरूळ_सुभेदार_निवृत्त

आजोबा सांगतात तसं टाईप करतोय. नातू.

ताई नमस्कार. मी सातारचा, आता मुलाकडं नेरूळला असतो. ७१ ला मी शिपाई होतो, पैल्या मराठात, म्हणजे मराठा लाइट इन्फंट्रीची पैली पलटन, जंगी पलटन. ब्रह्मपुत्रा उतरून जमालपूरच्या मागनं रस्ता अडवून बसलो होतो, डिसेंबरच्या १० तारखेच्या रात्री पाकिस्तानचे बलुचवाले अंगावर आले, ११ ला जमालपूर पडलं. तुमचे काका आमच्या पलटनीतले नसतील, पण ९९ एपीओ वाचून मला राहवलं नाही.

तुम्ही म्हणता कसे गेले. नवा साब पलटनीत आला की त्याला प्लाटून मिळायची, तीस-पस्तीस माणसं, त्यात सुभेदार साब त्याच्या बापाच्या वयाचे. आम्ही पोरं पैल्यांदा हसायचो की ह्याला मिसरूड फुटलं नाही आणि हा आम्हाला हुकूम देणार. पण हल्ला असला की प्लाटून कमांडर मागं राहत नाही, पुढं असतो, म्हणून तर लेफ्टनंट-कॅप्टन एवढे जातात. ७१ मधे बरेच साब असे होते की कोर्स अर्धा टाकून आले, काही तर सहा-आठ महिन्यांची नोकरी. आणि त्याला माणसांची भाषा यावी लागते, परीक्षा असते त्याची. आमचे कितीतरी साब उत्तरेकडचे, पण मराठीत शिव्या अशा द्यायचे की आमच्या गावात कुणी देणार नाही. (आजोबा म्हणाले हे लिही, म्हणून लिहिलं.)

दुसरं सांगतो. तुमच्या आजीला मुलगा बघायला मिळाला नाही, हे मला न विचारता कळलं. तेव्हा बॉडी घरी पाठवायची पद्धतच नव्हती. जिथं पडला तिथंच जवळपास पलटनीनं अग्नी द्यायचा, पलटनीचे पंडितजी असायचे. मागनं घरी ट्रंक यायची. हे तिरंग्यातली पेटी घरी येणं कारगिलपासून चालू झालं. म्हणून ७१ चं घर आणि कारगिलचं घर ह्यांचं दुःख दोन तऱ्हेचं आहे. आमच्या वेळच्या आईबापांना वाटत राहायचं की चुकून दुसऱ्या कुणाची तार आली असंल.

दिल्लीला लिहा, पण आधी पलटनीला लिहा. रेजिमेंट सेंटरला पत्र टाकलं की ते पलटन आज जिथं आहे तिथं पाठवतात. कमान अधिकाऱ्याच्या नावानं लिहायचं. पलटन माणूस विसरत नाही, तिथं मोटिव्हेशन हॉल असतो, भिंतीवर गेलेल्यांचे फोटो असतात, आणि बॅटल डेच्या दिवशी, म्हणजे पलटन आपल्या मोठ्या लढाईची आठवण करते त्या दिवशी, नावं वाचतात. तुमच्या काकांचा फोटो तिथं असणार, मी पैजेवर सांगतो. आणि एक विचारा, साबाबरोबर त्या दिवशी अजून कोण गेलं. एकटा साब जात नाही ताई.

ऐरोली_स्लो_लोकल

सगळ्यांचा आदर ठेवून वेगळं मत मांडतो. समजा पाच रणगाडे नसतील, पण कुणाचं काय बिघडतं? नव्या बिल्डिंगमधे उद्या दोन-तीनशे लोक राहणार, निम्मे भाड्याने, त्यांना नौपाडा म्हणजे काय ते माहीत नसणार. लिफ्टची वाट बघताना पोरं ती पाटी वाचणार. "२३ व्या वर्षी गेले" एवढंच लिहिलं तर पोरगं पुढे वाचणार पण नाही. थोडं भारी लिहिलं तर निदान विचारेल तरी. तुम्ही लोक गॅझेट काढून बसलात, कोर्टात केस चाललीय का? काका देशासाठी गेले हे तर खरं आहे ना, मग बाकी एवढं काटेकोर कशाला.

घंटाळी_कट्टा

@ऐरोली, बिघडतं. एक खरं उदाहरण देतो. अरुण खेतरपाल, जन्म पुण्याचा, रणगाड्यांची रेजिमेंट १७ पूना हॉर्स, कमिशन मिळालं १३ जून १९७१ ला. युद्ध सुरू झालं तेव्हा नगरला रणगाड्यांच्या शाळेत कोर्सला होता, तिथून रेजिमेंट गाठली आणि १६ डिसेंबरला पश्चिम आघाडीवर बसंतरच्या लढाईत गेला, वय २१, परमवीरचक्र. त्याचा रणगाडा पेटला होता, बाहेर ये म्हणून वायरलेसवर हुकूम आला, तो म्हणाला माझी तोफ अजून चालतेय. आता बघ, इतका मोठा पराक्रम आणि तरी हिशोब किती चोख आहे, त्या झुंजीत शत्रूचे दहा रणगाडे गेले, पैकी चार त्याच्या नावावर. चारच. सरसकट दहा त्याच्या नावावर टाकले असते तर तेव्हा कोण अडवणार होतं? पण रेजिमेंटने टाकले नाहीत कारण बाकीचे ज्यांनी उडवले तीही माणसंच होती. पुढे २००१ मधे त्याचे वडील लाहोरला गेले, तेही निवृत्त ब्रिगेडियर, ज्यांच्याकडे उतरले होते त्या पाकिस्तानी ब्रिगेडियरनेच त्यांना सांगितलं की तुमच्या मुलासमोर त्या दिवशी मीच होतो. समोर लढलेला माणूस बापाला घरात बसवून सांगतो तेव्हा त्यात कुणी आणखी काय घालणार.

आणि ज्याचं तुम्ही भारी करून लिहिता त्याचं जे खरं असतं ते कायमचं पुसलं जातं हे विसरू नका. पुढचा माणूस पाच रणगाडे शोधायला जाणार, सापडणार नाहीत, मग म्हणणार सगळंच थापा.

मुलुंड_चेकनाका

पोरं विचारत नाहीत यावर माझाही थोडा भरवसा आहे, म्हणजे पाटीवर काहीच नसेल तर. पार्ल्याला कॅप्टन विनायक गोरे उड्डाणपूल आहे, मी ऑफिसला जाताना वर्षानुवर्षं त्यावरून गेलो, गोरे पूल गोरे पूल म्हणायचो, मला वाटायचं कुणी जुने नगरसेवक असतील. नंतर कळलं की पार्ल्याचाच मुलगा, १९९५ मधे काश्मीरमधे गेला. रिक्षावाल्याला विचारा, दुकानदाराला विचारा, दहातल्या नऊ जणांना माहीत नाही. म्हणून ताई नुसतं नाव आणि रँक लिहू नका, कधी, कुठे, किती वर्षांचे, एवढं तरी हवंच. पाच रणगाडे नको पण गावाचं नाव हवं.

चरईची_मावशी

मी ७४ वर्षांची आहे, चरईत वाढले, आता घोडबंदर रोडला मुलीकडे. तुमचं लिखाण वाचून डिसेंबर डोळ्यापुढे आला.

तेव्हाचं ठाणं तुम्हा मुलांना सांगून पटणार नाही. खिडक्यांना काळे कागद चिकटवलेले, सायरन झाला की दिवे बंद, आणि मुंबईच्या बाजूने विमानविरोधी तोफांचे आवाज. पोरं गच्चीत जाऊन बघायची आणि मार खायची. आकाशवाणीच्या बातम्यांना चाळीतल्या सगळ्या एकाच रेडिओपुढे. ज्या घरातला मुलगा तिकडे त्या घरी पोस्टमन दिसला की अख्खी गल्ली आपापल्या दारात. ढाका पडलं त्या संध्याकाळी तलावपाळीला नुसती गर्दी, अनोळखी माणसं एकमेकांना साखर देत होती. आणि मग पुढच्या आठवड्यात कळायला लागलं कोणाकोणाकडे काय काय झालंय. आमच्या ओळखीत एक घर होतं, तिथे तार येऊन पडली होती आणि बाहेर अजून दाराला लावलेलं तोरण तसंच होतं.

माझं म्हणणं वेगळं आहे थोडं. लढाई कुठे झाली ते लिहा जरूर, पण तो मुलगा तुमच्या बिल्डिंगमधे राहिला होता ना? कुठल्या मजल्यावर, कुठल्या शाळेत जायचा, काय खेळायचा? तुमच्या बाबांना विचारा. ते सत्तरीचे आहेत, आत्ता विचारलंत तर सांगतील. सैन्याला त्याचं मरण माहीत आहे, जगणं तुमच्या घरातच आहे.

पुतणी_नौपाडा

मंडळी, बऱ्याच दिवसांनी येतेय, मधे शिफ्टिंग झालं, आम्ही सध्या पाचपाखाडीला भाड्याने आहोत. अपडेट देते.

मेडलच्या मागे बारीक अक्षरात नंबर आणि नाव सापडलं. पूर्वी स्टार आणि संग्रामच आहेत, वीरचक्र नाही, पुरस्कारांच्या साईटवरही नाव नाही. हे बाबांना सांगताना मला उगाच अवघडल्यासारखं झालं, तर ते म्हणाले, अगं मला माहीतच होतं, मला फक्त ते पाच रणगाडे कुठून आले ते हवं होतं.

युद्ध स्मारकाच्या साईटवर नाव मिळालं. रँक, नंबर, युनिट सगळं जुळतं. तारीख ९ डिसेंबर १९७१.

म्हणजे १६ तारखेला आमच्याकडे पेढे वाटले तेव्हा काकांना जाऊन आठवडा झाला होता. बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत आणि मग एकदम म्हणाले, पेढे मीच आणले होते. पुढे काही नाही.

सुभेदार काका, तुमचं ऐकून रेजिमेंट सेंटरला पत्र टाकलं, सोबत फोटोची आणि मेडलची झेरॉक्स. तिथून पलटनीकडे गेलं आणि चक्क फोन आला, आत्ताच्या अ‍ॅडज्युटंटचा, म्हणजे पलटनीचं कामकाज बघणाऱ्या अधिकाऱ्याचा, कॅप्टन आहे, आवाजावरून पंचविशीचा वाटला. मला मॅडम मॅडम करत होता आणि बाबा फोनवर आले तर त्यांना म्हणाला, सर, साहेबांचा फोटो आमच्याकडे लावलेला आहे, मी रोज त्याच्यासमोरून जातो. साहेबांचा म्हणाला! काका आज त्याच्यापेक्षा लहान आहेत वयाने. पलटनीच्या नोंदीत जे आहे ते त्याने वाचून दाखवलं. रात्रीचा हल्ला होता, एका गावाबाहेर पाकिस्तानी बंकर होते, पुढच्या प्लाटूनवर मशीनगन चालली, काका दुसऱ्या बाजूने आपला सेक्शन, म्हणजे प्लाटूनमधली छोटी तुकडी, घेऊन गेले. गन बंद पडली, पोझिशन घेतली. काका आणि दोन जवान गेले. एवढंच आहे, पाच-सहा ओळींचं. बाबांनी ते तीनदा वाचायला लावलं आणि स्वतः लिहून घेतलं, त्यांच्या त्या तिरप्या अक्षरात.

त्या दोन जवानांची नावं आणि गावंही त्याने दिली. दोघे खूप लांबच्या राज्यातले. आणि आता इथेच घोडं अडलंय. मला आणि बाबांना पाटीवर ती दोन नावंही हवी आहेत, शेवटच्या ओळीत, त्यांच्या गावासकट. कमिटीत दोनतीन जण म्हणतायत की ते आपल्या सोसायटीचे कुठे होते, पाटी एका माणसाची आहे, गर्दी कशाला, आणि शिवाय जागा पुरणार नाही. आणि ज्यांनी पाच रणगाड्यांचा मेसेज टाकला होता ते तर म्हणाले, मग यात विशेष काय राहिलं. मी तिथेच उठून आले, नाहीतर भांडण झालं असतं.

चरईच्या मावशी, तुमचं ऐकून बाबांना विचारलं. मावशी, बांध फुटला हो. काका कचराळी तलावाच्या बाजूला मैदानात क्रिकेट खेळायचे आणि विकेटकीपर होते, गणितात कच्चे होते, सायकल जिवापाड जपायचे आणि कुणाला द्यायचे नाहीत. पत्रात शेवटपर्यंत बाबांना एकच विचारलंय, चेनला तेल घालतोस ना, आणि गणिताचा क्लास लावला का. एका पत्रात लिहिलंय की माझ्या जवानांची भाषा शिकतोय, आता माझ्यावर कमी हसतात. हे पाटीवर नाही जाणार, मला कळतं, पण मी वेगळं लिहून ठेवतेय.

नेरूळ_सुभेदार_निवृत्त

नातू टाईप करतोय. आजोबांना वाचून दाखवलं, त्यांनी दोनदा ऐकलं.

ताई, दोन्ही नावं टाकाच. तुमच्या साबाला विचारलं असतं तर त्यांनी स्वतःचं नाव शेवटी टाकायला सांगितलं असतं. कमिटीवाल्यांना म्हणावं की दिल्लीला स्मारकात साबाची वेगळी वीट आणि शिपायाची वेगळी वीट असा भेद नाही, एकाच मापाच्या ग्रॅनाइटच्या विटा, त्यावर नंबर, नाव, पलटन. आणि यात विशेष काय राहिलं म्हणणाऱ्याला मी काय बोलू, मशीनगन चालू असताना रात्री त्याच्या कडेनं जायचं, हे ज्यानं केलं नाही त्यानं बोलू नये. मी केलं आहे, आणि माझे गुडघे अजून सांगतात.

अजून एक काम करा. बाबांना एकदा दिल्लीला घेऊन जा. स्मारकात रोज संध्याकाळी एका गेलेल्याच्या घरच्यांच्या हस्ते पुष्पचक्र वाहतात, त्यासाठी आधी कळवावं लागतं. बाबांचे गुडघे चालतात तोवर जा.

ऐरोली_स्लो_लोकल

मीच वर भांडलो होतो. त्या जवानांची नावं मस्ट आहेत, जागा नाही हे कारण होऊच शकत नाही, पाटी मोठी करा. आणि अजून एक, बांगलादेश सरकारने ७१ मधे तिथे गेलेल्या १६६१ भारतीय सैनिकांसाठी सन्मान जाहीर केला होता, २०१७ च्या एप्रिलमधे तिथल्या तेव्हाच्या पंतप्रधान शेख हसीना दिल्लीला आल्या तेव्हा सात कुटुंबांना हातात दिला. काकांचं नाव त्या यादीत असायला हवं, आणि त्या दोन जवानांचंही. पलटनीला हेही विचारून बघा.

पुढचं मात्र पटत नाही, सायकल आणि विकेटकीपर पाटीवर का नाही जाणार? तेच वाचून पोरं थांबतील. मी तर थांबलो.

चरईची_मावशी

ऐरोलीकर, अगदी बरोबर. "याच इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहत" एवढं तरी पाटीवर हवंच, बाकीचं कागदावर लिहून फ्रेम करून खाली लावा. तारखेचं म्हणाल तर पाटीवर ९ डिसेंबरच लिहा. श्राद्ध मात्र आजीने केलं त्याच तिथीला करा, ते आजीचं आहे, त्याला हात लावू नका.

पुतणी_नौपाडा

दुसरा मजलाच होता मावशी, मी मजला लिहिला नव्हता, तुम्हाला कसं कळलं?

असो, कमिटीची मिटिंग झाली. बाबा स्वतः गेले, पलटनीची नोंद वाचून दाखवली, त्या दोघांची नावंही वाचली आणि परत खाली बसले, एकही वाक्य जास्तीचं नाही. कुणी विरोध केला नाही. मजकूर असा ठरलाय: नाव, सेकंड लेफ्टनंट, रेजिमेंट. या जागेवरच्या जुन्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहत. ९ डिसेंबर १९७१ रोजी पूर्व आघाडीवर रात्रीच्या हल्ल्यात वयाच्या २३ व्या वर्षी धारातीर्थी पडले. त्यांच्यासोबत, आणि मग दोन नावं, गाव, राज्य. फोटो ओव्हल फ्रेममधे. रेजिमेंटचं चिन्ह टाकायचं की नाही ते पलटनीला विचारलंय.

चरईची_मावशी

अंदाजाने लिहिलं गं. जुन्या बिल्डिंगी, जिन्याचे लोक, दुसरा मजला बरा म्हणून सगळे तोच घ्यायचे.

घंटाळी_कट्टा

मजकूर उत्तम. आता व्यवहाराचं ऐका कारण इथेच लोक फसतात. बिल्डर "तयार आहे" याला अर्थ नाही, तीनचार वर्षांनी पझेशन मिळताना तिथे दुसराच मॅनेजर असतो आणि लॉबीचं इंटिरियर तिसऱ्याच कुणाचं. जनरल बॉडीत ठराव करून घ्या, मजकूर आणि पाटीचं माप ठरावात लिहा आणि डेव्हलपमेंट अ‍ॅग्रीमेंट झालं असेल तर सप्लिमेंटरीमधे एक कलम घाला की लॉबीत अमुक भिंतीवर ही पाटी बिल्डर स्वखर्चाने लावेल. अ‍ॅक्रिलिक नको, स्टिकरची अक्षरं तर अजिबात नको, काळ्या ग्रॅनाइटवर कोरून रंग भरून घ्या. कोरायच्या आधी प्रूफ मागा आणि त्या दोन जवानांच्या गावांची स्पेलिंग पलटनीकडून लेखी घ्या, फोनवर ऐकलेलं कोरू नका. ट्रंक आणि पत्रं शिफ्टिंगमधे पॅकर्सवाल्यांकडे दिली नाहीत ना? पत्रांचे आधी स्कॅन काढा, मग त्या कसरीचं बघू.

पुतणी_नौपाडा

ट्रंक रिक्षाने आणली, बाबा मांडीजवळ धरून बसले होते. स्कॅन रविवारी काढते, शिक्क्यांचे फोटो इथे टाकते, नंबर लावायला मदत करा.